अर्धा मोरया

माझं काम ओरडायचं. पंचवटीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर पालेभाज्यांचा लिलाव पुकारतो, २२ वर्षं झाली. संध्याकाळी दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून पिकअप येतात, कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात उतरते आणि जुड्यांच्या ढिगाजवळ उभं राहून शेकड्याचा भाव पुकारायचा. मागं टेम्पोचं इंजिन चालूच असतं, शेजारच्या गाळ्यावर दुसरा पुकारणारा, मधून हमालांचं ‘बाजू, बाजू’. ज्याचा आवाज ढिगाच्या पलीकडे जाईल त्याच्याकडे व्यापारी वळतात. शेठनी मला कामावर घेतलं ते बी.कॉम.चं सर्टिफिकेट बघून नाही, गळा बघून.

तो गळा आषाढात गेला. पाऊस लागून राहिलेला, माल कमी, कोथिंबिरीचा भाव चढत होता आणि व्यापाऱ्यांची नुसती झुंबड. एका ढिगाला मी ‘चोवीसशे, चोवीसशे एक वार’ म्हणत होतो, आणि पंचवीसशेच्या ‘पं’ला घशात काहीतरी चटकन झालं. दुखलं असं नाही. पण पुढचा ‘चवीसशे’ निघालाच नाही, नुसती हवा निघाली. उरलेला लिलाव शेजारच्या पोराने पुकारला.

मग घरोघरी होतं ते सगळं झालं. मिठाच्या गुळण्या, हळद-दूध, ज्येष्ठमधाची काडी गालात धरून हिंडणं, आईने उगाळलेली सुंठ. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटायचं, मी पुन्हा यार्डात जाऊन ओरडायचो, आवाज पुन्हा बसायचा. यार्डात कुणी म्हणालं, थंड पाणी पितोस म्हणून. कुणी म्हणालं, नजर लागली. दीड महिना मी असाच घासून काढला. आता कळतं की तीन-चार आठवडे आवाज बसलेलाच राहिला तर दुर्बीण घालून बघून घ्यायचं असतं, त्यातून बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर आधीच. मी बिडी ९ वर्षांपूर्वी सोडली होती, पण ‘सोडली होती’ हे शब्द नाक-कान-घशाच्या डॉक्टरांसमोर फार काही धीर देत नाहीत.

बायकोनेच नंबर लावला. गंगापूर रोडला. घशात कडू फवारा मारला, जीभ जड झाली, डॉक्टरांनी गॉजने जीभ धरून बाहेर ओढली आणि आत नळी घालून म्हणाले, ‘ईऽऽ म्हणा.’ समोर टीव्हीवर माझा गळा. आपला आवाज म्हणजे छातीतून, बेंबीच्या देठापासून वगैरे येतो अशी माझी समजूत. तिथं दिसल्या दोन पांढऱ्या पट्ट्या, नखाएवढ्या. श्वास घेतला की उघडतात, ‘ईऽऽ’ म्हटलं की मिटतात. बोलताना पुरुषाच्या या पट्ट्या सेकंदाला शंभराच्या वर वेळा एकमेकींवर आपटतात, बायकांच्या दोनशेच्या आसपास. इतक्या वेगाचं डोळ्याला दिसत नाही, म्हणून लुकलुकणारा दिवा लावून ते हळू झाल्यासारखं दाखवतात. उजव्या पट्टीच्या कडेला लालसर दाणा लोंबत होता. पॉलिप. डाळिंबाचा कच्चा दाणा असतो ना, तसा. त्यामुळं पट्ट्या नीट मिटत नव्हत्या आणि फटीतून हवा सुटत होती.

‘त्या दिवशी चटकन झालं ते बहुतेक आतली बारीक रक्तवाहिनी फुटली,’ डॉक्टर म्हणाले. ‘तेव्हाच गप्प बसला असता तर कदाचित जिरलं असतं.’ बायको माझ्याकडे बघत होती. मी टीव्हीकडे बघत होतो.

गुळण्यांचाही उलगडा तिथंच झाला. पाणी, मध, काढा, सगळं अन्ननलिकेत जातं, गिळताना स्वरयंत्रावर झाकण पडतं. पट्ट्यांना त्यातलं काहीच लागत नाही. लागते ती वाफ. आणि पाणी प्यायचं ते सबंध अंगात ओल राहावी म्हणून. म्हणजे दीड महिना मी ज्याच्यावर उपचार करत होतो तो घसा वेगळा आणि बिघडलेला भाग वेगळा.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही, कारण मी झोपलो होतो. बाहेरून चिरत नाहीत. भूल देऊन तोंडातून स्टीलची नळी घालतात, तिच्यातून मायक्रोस्कोपने बघत दाणा काढतात. भुलेच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी कुठला दात हलतोय का ते तपासलं, तेव्हा मला गंमत वाटली होती. त्या नळीचा भार कुठं येतो ते नंतर कळलं. शुद्धीवर आलो तेव्हा जबडा अवघडलेला, जिभेचा एक भाग बधिर, मान कुणी पिरगाळल्यासारखी. गळा मात्र फारसा दुखत नव्हता. हीच खरी फसगत. हात मोडला तर प्लास्टर असतं, हलवला की कळ येते, आपोआप जपला जातो. इथं काहीच दुखत नाही आणि जपायचं मात्र सगळं.

डॉक्टरांनी आधीच समजावून ठेवलं होतं आणि मला समजेल असं समजावलं होतं. ‘तुम्ही नाशिकचे, द्राक्ष माहितीये ना? पिकलेल्या द्राक्षाची साल गरावर जरा सरकते, तशी या पट्टीची वरची त्वचा आतल्या मऊ थरावर सरकते. ती सरकते म्हणून आवाज. मी सालीवरची गाठ काढणार, गराला हात लावणार नाही. पण साल भरून येताना तुम्ही बोललात, पट्ट्या आपटल्या, तर तिथं व्रण धरेल, साल गराला चिकटेल. मग आवाज कायमचा ताठ.’ सात दिवस पूर्ण बंद. कुणी डॉक्टर तीन दिवस सांगतात, कुणी जास्त. आमचे सातवाले होते.

‘बोलायचं नाही’ हा एकच नियम आहे असं मला वाटत होतं. त्याची पिलावळ मोठी निघाली. कुजबुजायचं नाही, कुजबुजताना गळा जास्तच आवळला जातो. खाकरायचं नाही, खाकरणं म्हणजे पट्ट्यांनी एकमेकींना थोबाडीत मारणं; खवखवलं की पाण्याचा घोट. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून सोडून द्यायची. वजन उचलायचं नाही, कारण जोर लावताना आपण श्वास कोंडतो आणि तो कोंडतात याच पट्ट्या. त्याच न्यायाने संडासात कुंथायचं नाही. गळ्याच्या ऑपरेशनच्या चिठ्ठीवर इसबगोल बघून मेडिकलवाल्याने दोनदा चिठ्ठी वाचली.

आणि ॲसिडिटी. लिलाव आटपून, हिशोब करून मी साडेदहाला जेवायचो आणि अकराला आडवा. रात्रभर आम्ल वर येऊन त्या पट्ट्यांना भाजत होतं म्हणे. जेवण आठला, तिखट-तळलेलं बंद, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. मिसळ बंद. हे वाक्य मी पुढं वाढवत नाही. नाशिकमध्ये राहून ज्याने दोन महिने मिसळीच्या दुकानावरून नुसतं चालत जाऊन दाखवलंय त्यालाच ते कळेल.

ऑपरेशनचा दिवस ठरवताना आमची एक चूक झाली. गणपती आठवड्याच्या आत आले होते.

पहिले दोन दिवस सोपे गेले. झोपच येत होती. मुलीने तिची जुनी पाटी काढून दिली, पाटीची पेन्सिल, पुसायला ओलं फडकं. फोनवरही लिहून दाखवायचो, पण फोन उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. फोनमधलं लिहिलेलं वाचून दाखवणारं ॲप मुलीने टाकून दिलं होतं, त्यातली बाई ‘चहा दे’ असं काही म्हणायची की रेल्वेच्या अनाउन्समेंटला चहा मिळणार असं वाटायचं. ते दोनदा वापरून बंद केलं. लोक सांगतात, लिहिता लिहिता राग उतरतो. माझा उतरला नाही, पेन्सिल तुटली.

दुसऱ्याच दिवशी एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. मी गप्प, तर घरातले सगळे हळू बोलायला लागले. बायको तर चक्क कुजबुजायची. मी पाटीवर लिहिलं, ‘तुझं ऑपरेशन नाही झालं.’ ती हसली आणि पुन्हा कुजबुजूनच म्हणाली, ‘अहो, आपोआप होतं.’ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाटी दाखवली तर दुकानदार मला खुणा करून पैसे सांगायला लागला, बोटांनी, चाळीस. रिक्षावाल्याला ‘मखमलाबाद नाका’ लिहून दाखवलं तर तो ओरडून बोलला, मी बहिरा असल्यासारखा. मुका म्हणजे बहिरा हे लोकांच्या डोक्यात पक्कं आहे.

बहिरी आहे ती माझी आई. म्हणजे ठार नाही, पण कमी ऐकू येतं, आणि दुसरीनंतर शाळा सुटल्यामुळं पाटीचा उपयोग नाही. माझी आणि तिची सात दिवस गाठ होती ती हातवाऱ्यांवर. तिला माझं ऑपरेशन पटलेलं होतं, मौन पटलेलं नव्हतं. ‘चातुर्मासात मौन धरतात ते जेवताना,’ ती म्हणायची, ‘दिवसभर कसलं धरतोस?’ शेजारचे नाना रोज डोकावून सांगायचे, ‘इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आला असता तर फुकटात झालं असतं.’ त्यांना कसं सांगणार? तिथं जवळपास दहा दिवस सगळेच गप्प असतात, समोरच्यालाही बोलायचं नसतं. माझ्याभोवती अख्खं घर बोलत होतं, आणि दर तिसऱ्या वाक्याला मला काहीतरी म्हणायचं होतं.

एक मात्र झालं. मला तोडता येत नाही हे आईच्या लक्षात आलं. चौथ्या दिवशी दुपारी मेथी निवडत बसली होती, मी समोर. तिने ७२च्या दुष्काळाची गोष्ट काढली. ती मी शंभरदा ऐकलेली आहे असं मला वाटत होतं. खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, इथपर्यंत. इथपर्यंतच, कारण त्यापुढे मी दर वेळी ‘हो गं, माहितीये’ म्हणून विषय संपवायचो. यावेळी ती पुढं गेली. खडीच्या ढिगाचं माप घ्यायला यायचा त्या माणसाला तिच्या वडिलांनी एकदा कसं ओरडून सांगितलं की माप कमी लावलंय, आणि मग चार दिवस त्यांना कामावर घेतलं नाही. ‘तुझा गळा त्यांचाच,’ ती म्हणाली आणि मेथीची काडी मोडली. मला विचारायचं होतं की मग त्या चार दिवसांत खाल्लं काय. हाताने कसं विचारणार? तोंडाकडे बोट नेलं, चार बोटं दाखवली. तिला वाटलं मला चार वाजता चहा हवाय.

रात्रीची गोष्ट बायकोने पाचव्या दिवशी सकाळी सांगितली. दारात उभी, चेहरा पडलेला.

‘अहो, रात्री तुम्ही लिलाव केलात.’

मला कळेना.

‘झोपेत. पंचवीसशे एक वार, पंचवीसशे दोन वार. तीन वार म्हणायच्या आत मी हलवून उठवलं. म्हणजे उठला नाहीत, कुशीवर वळलात.’

मी पाटी घेतली. लिहायचं होतं, किती मोठ्याने. लिहिलं गेलं, ‘कोथिंबीर का मेथी?’

‘मला काय माहीत! भाव तर चांगला होता.’

ती हसायला लागली, मी हसू नये म्हणून भिंतीकडे तोंड केलं, कारण हसणंही आवाजच. मग दोघांनाही भीती वाटली. जागेपणी मी इतकं सांभाळतोय आणि झोपेत गळा परस्पर कामावर जातोय. तिने दवाखान्यात फोन लावला. तिथून निरोप आला की झोपेतल्या बोलण्यावर कुणाचा इलाज नाही, दुसऱ्या दिवशी दाखवायला यायचंच आहे तेव्हा बघू, डोकं उंच ठेवून झोपा.

त्याच दिवशी चतुर्थी होती.

आमच्या घरी आरती मीच म्हणतो. म्हणजे सगळे म्हणतात, पण वरची पट्टी मी लावतो आणि बाकीचे माझ्यामागे फरपटत येतात. या वर्षी मुलीने सुरुवात केली, खालच्या पट्टीत. मला झांज दिलेली. पहिल्यांदाच मला आमच्या घरातल्या बाकीच्यांचे आवाज ऐकू आले. बायकोचा सूर बरा आहे. आई एक ओळ मागे असते, पण शब्द तिचे एकटीचेच बरोबर असतात. मी ओठसुद्धा हलवत नव्हतो, कारण ओठ हलले की गळाही मागोमाग निघतो, हे मी तिसऱ्या दिवशी आरशासमोर गळ्यावर बोट ठेवून करून बघितलं होतं. सगळं नीट पार पडलं.

संध्याकाळी जरा पाय मोकळे करायला खाली उतरलो. कोपऱ्यावर मंडळाची मूर्ती येत होती. ढोल वाजत होते, नाशिक ढोल, छातीत वाजतो तो. ते मध्येच थांबले. ट्रॅक्टरवरच्या एका पोराने हात वर केला आणि ओरडला, ‘गणपती बाप्पाऽऽ’

आणि माझ्या तोंडातून ‘मो’ निघाला.

मी म्हटला नाही. तो निघाला. पन्नास माणसांच्या ‘मोरया’मध्ये माझा अर्धाच होता, मी हाताने तोंड दाबलं तोपर्यंत ‘मो’ बाहेर पडून गेला होता आणि ‘रया’ आत राहिला. शेजारच्या माणसाला वाटलं मला ओकारी आली, त्याने दोन पावलं मागं घेतली. मी तिथंच उभा राहून घशात काही वाटतंय का ते चाचपत होतो. काहीच वाटत नव्हतं. पाचव्या दिवशी, पाच दिवसांनी, माझ्या गळ्यातून निघालेला पहिला जागेपणीचा आवाज. कसा होता तोही मला ऐकू आला नाही.

पुन्हा ट्रॅक्टरवरून ‘गणपती बाप्पा’ यायच्या आत मी घरी पळालो. पुढचे दोन दिवस खिडक्या लावून काढले.

सहाव्या दिवशी डॉक्टरांसमोर पाटीवर दोन्ही गुन्हे लिहून दिले. लिलाव आणि मोरया. ते वाचून डॉक्टर मोठ्याने हसले, त्यांना हसायची मुभा होती. ‘टाके घातलेलेच नाहीत, तुटणार काय? एखादा शब्द निसटतो. मुद्दाम बोलू नका म्हणजे झालं.’ त्याच दिवशी तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्टही आला होता. साधी गाठ, बाकी काही नाही. बायकोने डोळे पुसले. सहा दिवस आम्ही त्या रिपोर्टचं नावही काढलं नव्हतं, मी तर काढूच शकत नव्हतो. पाटीवर सुद्धा नाही.

सगळ्यांना वाटतं, सात दिवस गप्प बसणं हाच अवघड भाग. मलाही वाटत होतं. तो भाग सोपा होता हे आठव्या दिवशी कळलं. पूर्ण बंद म्हणजे बंद, त्यात ठरवायचं काही नसतं. आठव्या दिवसापासून आवाज असतो आणि वापरायचा नसतो.

आठव्या दिवशी स्पीच थेरपिस्टकडे. पंचविशीची मुलगी, मला पहिल्या वाक्यालाच ‘काका’ म्हणाली, ते मी सोडून दिलं, बोलता कुठं येत होतं. तिने तोंड मिटून ‘म्म्म’ करायला लावलं. निघाला तो आवाज भोक पडलेल्या भोपळ्यातून वारा जावा तसा. पुन्हा केला तर मध्येच फाटला, चौदाव्या वर्षी फाटतो तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, ‘सूज आहे अजून. हा तुमचा आवाज नाही, हा सुजेचा आवाज आहे.’

मग ग्लासभर पाणी आणि स्ट्रॉ. स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन बोटं बुडवायचं आणि ‘ऊऽऽ’ करत बुडबुडे काढायचे. लहान पोरांना आपण ज्यासाठी रागावतो तेच. त्याचं कारण तिने सांगितलं ते मला पटलं: पुढून पाण्याचा दाब येतो, त्यामुळं पट्ट्या एकमेकींवर कमी आपटून थरथरतात. व्यायाम होतो, मार बसत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडा थोडा वेळ. त्याच्या जोडीला ओठांचं ‘ब्रर्रर्र’, ट्रॅक्टर चालवल्यासारखं.

बोलायचं किती? पहिले काही दिवस तासाला ५ मिनिटं, तेही हातभर अंतरावरच्या माणसाशी, मागं टीव्ही-पंख्याचा आवाज नको. मी बाजारातला माणूस, मोजून द्यायची सवय. मिनिटं मी नोटांसारखी सांभाळायला लागलो. आणि नोटांसारखीच ती भलतीकडे खर्च झाली. पहिल्या दिवशीची पहिली पाच मिनिटं गॅस एजन्सीच्या फोनवर गेली. दुसरी पाच मावशीने घेतली, तिला फक्त ‘आला का आवाज’ एवढंच ऐकायचं होतं. आला म्हटल्यावर म्हणाली, ‘अजून नीट नाही वाटत, जास्त बोलू नकोस,’ आणि चार मिनिटं बोलायला लावलं. फोनवर आपण आपोआप मोठ्याने बोलतो, म्हणून मग फोन बंदच केला.

सात दिवस पाटी घेऊन फिरत होतो तेव्हा लोक सांभाळून घेत होते. आता दिसायला काहीच नव्हतं. माणूस बोलतोय, मग यार्डात का येत नाही? शेठचा निरोप यायचा, ओरडू नको, नुसता ये. मी जाऊन पावत्या लिहायला बसलो. समोर ते शेजारचं पोरगं माझा ढीग पुकारत होतं आणि भाव चुकीच्या जागी तोडत होतं. अजून दोनशे चढला असता हे मला दिसत होतं. सव्वीसशेला तो ‘तीन वार’ म्हणाला आणि माझ्या हातातलं पेन कागदात घुसलं. ती संध्याकाळ मला ऑपरेशनपेक्षा जड गेली. दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा जाड लागला. मी एक शब्द बोललो नव्हतो! थेरपिस्टने विचारलं, ‘लिलाव ऐकताना गळा आवळला होतात का?’ आवळला होता. बॅट्समनबरोबर बघणाऱ्याचाही पाय हलतो तसं. पुढचे पंधरा दिवस यार्ड बंद.

तिने माझी आणखी एक खोड काढली. म्हणाली, ‘काका, तुम्ही प्रत्येक वाक्य कुऱ्हाडीने सुरू करता.’ मी ‘ए’, ‘अगं’, ‘आता’ असं म्हणताना आधी गळा बंद करतो आणि मग झटक्याने उघडतो. ते घाव पट्ट्यांवरच पडतात. आणि श्वास. मी ‘चोवीसशे-पंचवीसशे-सव्वीसशे’ एका श्वासात पुकारतो, शेवटचा शेकडा हवा संपल्यावर, नुसत्या गळ्याच्या जोरावर. २२ वर्षं असंच. मला ते माझं कसब वाटत होतं, व्यापाऱ्यांना विचार करायला वेळच मिळत नाही.

मग तिने जे करायला लावलं ते मी यार्डात कुणाला सांगितलं नव्हतं. स्ट्रॉमधून लिलाव. शब्द नाहीत, नुसती चाल. प्रत्येक पुकारणाऱ्याची एक चाल असते, भाव चढताना आवाज कुठं उचलायचा, ‘एक वार’ला कुठं टाकायचा. ती चाल ‘ऊऽऊऽऊ’ करत पाण्यात काढायची, दर दोन भावांनंतर श्वास. तिच्या त्या छोट्या खोलीत, भिंतीवर जिभेचं चित्र, टेबलावर अर्धा ग्लास पाणी, आणि मी बुडबुड्यांत कोथिंबीर विकत होतो. पहिल्यांदा श्वास घेतला तेव्हा वाटलं, एवढ्या वेळात गिऱ्हाईक पळेल.

सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, पुन्हा ‘ईऽऽ’. उजवी पट्टी सरळ. लुकलुकत्या दिव्यात दोन्ही कडा पाण्याच्या लाटेसारख्या हलत होत्या. आवाज जो आला तो मला परका वाटला, जरा पातळ, स्वच्छ. बायको म्हणाली, लग्नात असाच होता. मला आठवत नाही. जो जाडसर आवाज मी माझा म्हणून मिरवत होतो तो गेली काही वर्षं नुसता सुजलेला होता की काय, कोण जाणे.

आई मात्र नाराज. तिला हा आवाज ऐकूच येत नाही. आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात त्याचं कारण यार्ड नव्हतंच, आईचे कान होते, हे मला तेव्हा लक्षात आलं. कानाचं मशीन घ्यायचं दोन वर्षं राहून जात होतं, ते घेतलं. ती ते देवपूजेच्या वेळी काढून ठेवते. का, तर घंटा फार मोठी वाजते.

दिवाळीच्या सुमारास कामावर परत गेलो, कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानावरून तोंडाशी येणारा माइक घेऊन. मास्तर लोक वापरतात तो. पहिल्या दिवशी ‘कीर्तनकार आले’ म्हणून हमालांनी टाळ्या वाजवल्या. स्पीकरने शिट्टी मारली, एक गाय दचकून पळाली. आठवड्याने कुणी बघेनासं झालं. एका संध्याकाळी तीन ढीग मी, दोन ढीग ते पोरगं, असं ठरवून घेतलंय. त्याचाही आवाज सध्या बसलाय. मी त्याला दुर्बीण घालून बघ म्हणतो, तो ज्येष्ठमध चघळतो.

लिलावाच्या आधी चहाच्या टपरीवर मला कोमट पाण्याचा ग्लास लागतो. टपरीवाला आता न मागता स्ट्रॉ घालून देतो. परवा मी असाच बुडबुडे काढत बसलो होतो, तर दिंडोरीकडचा एक म्हातारा शेतकरी बराच वेळ बघत राहिला. त्याची मेथी माझ्याच गाळ्यावर उतरली होती.

‘दम्याचं औषध का भाऊ?’

‘नाही आबा. गळ्याचं ऑपरेशन झालंय. मोठ्याने बोलायची बंदी आहे.’

त्याने जरा विचार केला.

‘हळू बोला मग. पण भाव चढा बोला.’